चार साइट आणि प्लेटांचा एकच ढीग: एमएस प्रोजेक्टमध्ये रिसोर्स पूल कसा लावायचा

नाशिकमध्ये मी एका मध्यम ठेकेदाराकडे प्लॅनिंग बघते. मध्यम म्हणजे एका वेळी चार, फार तर पाच कामं. सध्या गंगापूर रोडला सात मजली इमारत आहे, पाथर्डी फाट्याला पाच मजली, ओझरला एका शाळेचा वाढीव मजला आणि सिन्नरला एमआयडीसीत एका कारखान्याचं ऑफिस. मालक चार, सुपरवायझर चार. सेंटरिंगच्या प्लेटा, म्हणजे स्लॅब ओतताना खाली साचा म्हणून लावतात त्या, मात्र एकाच गोडाऊनच्या, नऊ हजार चौरस फूट.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका सकाळी गंगापूर रोड आणि ओझर, दोन्हीकडच्या भाड्याच्या आयशर गाड्या गोडाऊनच्या दारात उभ्या. एकाला ३,६०० फूट प्लेटा हव्या होत्या, दुसऱ्याला २,५००. आत शिल्लक होत्या २,२००. बाकीच्या पाथर्डी आणि सिन्नरच्या स्लॅबखाली अडकलेल्या. ओझरला चौदा माणसं दोन दिवस बसून राहिली, त्यांची हजेरी भरावी लागली, आणि शेवटी भाड्याने प्लेटा आणल्या. गंमत अशी की चारही साइटचे बारचार्ट माझ्याकडे तयार होते, रंगीत प्रिंट काढून भिंतीवर लावलेले. एकेक करून पाहिले तर चारही बरोबर होते. चार कागद एकमेकांशी बोलत नव्हते, एवढंच.

त्यानंतर मी रिसोर्स पूल लावला, म्हणजे चारही साइटच्या वेळापत्रकांनी मिळून वापरायची साधनांची एकच यादी. पहिला महिनाभरात मोडीत काढला, दुसरा अजून चालतोय. खाली जे लिहितेय ते दुसऱ्याचं, अधूनमधून पहिल्यात कुठे माती खाल्ली तेही. सॉफ्टवेअर एमएस प्रोजेक्ट, डेस्कटॉपवरचं. प्रिमाव्हेरा वापरत असाल तर तिथे सगळ्या प्रोजेक्टची साधनं मुळातच एका डेटाबेसात असतात, त्यामुळे फाइली जोडायचा भाग तुम्हाला लागणार नाही. प्लेटा आणि प्राधान्याचा भाग मात्र वाचा.

पूलमध्ये काय घ्यायचं

पहिल्या वेळी मी सगळं घेतलं. गवंडी, बिगारी, वॉचमन, व्हायब्रेटर, पाण्याचा टँकर, चारही साइट इंजिनिअर, अगदी सिमेंटसुद्धा. ४६ नोंदी झाल्या. पूल उघडला की अर्धा पडदा लाल. व्हायब्रेटर जास्त वाटला गेलाय म्हणून लाल, टँकर लाल. व्हायब्रेटर कमी पडला तर सुपरवायझर शेजारच्या साइटवरून मोटरसायकलवर घेऊन येतो, त्यासाठी प्लॅनिंग लागत नाही. एवढ्या लालात खरी अडचण दिसेनाशी झाली.

आता माझी कसोटी एकच आहे. ज्या गोष्टीवरून गेल्या वर्षभरात दोन सुपरवायझर फोनवर भांडले, ती पूलमध्ये. बाकीच्या गोष्टी ज्या त्या साइटवर सोडा, फाइलीत रिसोर्स म्हणून लावू नका, नाहीतर जोडताना त्याही पूलमध्ये येतात. या हिशेबाने आमच्याकडे सातच उरल्या: स्लॅबच्या प्लेटा, बीम बॉटम, जॅक, सेंटरिंगवाल्यांची टोळी, स्टील फिटरची टोळी, आयशर आणि लाइनआउट करणारा सर्व्हेअर. तुमच्या धंद्यात यादी वेगळी निघेल. सॉफ्टवेअर कंपनीत ती एखादी टेस्टिंग टीम असेल, छापखान्यात कटिंग मशीन. पण दहाच्या वर गेली तर पुन्हा एकदा भांडणं आठवून बघा.

रिकामी नवी फाइल घ्या. तिच्यात एकही टास्क टाकायचा नाही, फक्त रिसोर्स शीट भरायची. मी फाइलीचं नाव ‘पूल’ एवढंच ठेवलंय. नाव आणि जागा आताच ठरवा, कारण बाकीच्या फाइली याच पत्त्यावर येऊन जोडल्या जाणार आहेत. नंतर फोल्डर हलवलं किंवा नाव बदललं की जोडण्या तुटतात. ऑफिसच्या सर्व्हरवर एक फोल्डर, सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर त्याला एकच ड्राइव्हचं अक्षर. फाइल मेलवर पाठवायची नाही, पेनड्राइव्हवर घरी न्यायची नाही. मी नेली होती. सोमवारी दोन पूल झाले आणि कोणता खरा ते कळेना.

रिसोर्स शीटमध्ये ‘टाइप’ नावाचा रकाना आहे: वर्क, मटेरियल, कॉस्ट. प्लेटा बघून हात आपोआप ‘मटेरियल’कडे जातो. थांबा. एमएस प्रोजेक्टच्या लेखी मटेरियल म्हणजे वापरून संपणारी वस्तू, सिमेंट, वाळू, डिझेल. त्याला कमाल मर्यादा लावता येत नाही, त्यामुळे ती कधी जास्त वाटली गेली असं तो म्हणणारच नाही. प्लेट संपत नाही, ती गुंतते आणि सुटते. म्हणून प्लेटा, जॅक, आयशर हे सगळे ‘वर्क’मध्येच, माणसांच्या ओळीला.

मग ‘मॅक्स युनिट्स’. हा आकडा मुळात टक्क्यांत दिसतो. आधी फाइल, ऑप्शन्स, शेड्यूलमध्ये जाऊन असाइनमेंट युनिट्स डेसिमलमध्ये दाखवायला सांगा. ‘२००% आयशर’ वाचून सुपरवायझर हसतात. प्लेटांसाठी मी हजार चौरस फुटाला एक युनिट धरलं. नऊ हजार फूट म्हणजे मॅक्स युनिट्स ९. गंगापूर रोडच्या स्लॅबला ३.६ लागतात, पाथर्डीला २.८, ओझरला २.५, सिन्नरला ४. बेरीज केली तर १२.९ होते, म्हणजे चारही स्लॅब एका वेळी अंगावर घ्यायची सोयच नाही, हे शीट भरतानाच कळलं. इतकी वर्षं हे फक्त सेंटरिंगच्या मुकादमाला माहीत होतं. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी माझा आकडा ऐकला आणि म्हणाले, “ताई, नऊ नका धरू. वाकलेल्या, भोकं पडलेल्या काढल्या तर आठच धरा.” आठ धरले.

कॅलेंडर: इथे घाई करू नका

प्रोजेक्टचं ‘स्टँडर्ड’ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते १२ आणि १ ते ५ असं आहे. ते ज्यांच्या कामाला लागू पडतं ते लोक साइटवर नसतात. आमच्याकडे खर्ची, म्हणजे आठवड्याची उचल, बुधवारी वाटतात, कारण गोदाकाठचा आठवडे बाजार बुधवारचा. त्यामुळे सुट्टी बुधवारी आणि रविवारी काम चालू. म्हणून ‘साइट’ नावाचं नवं कॅलेंडर केलं: बुधवार बंद, बाकी सहा दिवस आठ तास. त्याच्या जोडीने ऑप्शन्समध्ये आठवड्याचे तास ४० चे ४८ करा आणि महिन्याचे दिवस २० चे २६. नाहीतर तुम्ही टास्कला ‘१ आठवडा’ लिहाल आणि तो मुकाट्याने पाच दिवस धरेल.

सेंटरिंगवाले अमावस्येला काम करत नाहीत. यावर वाद घालून उपयोग नाही, मी घालून पाहिलाय. कालनिर्णय घेऊन बसायचं आणि वर्षाच्या बारा-तेरा अमावस्या ‘एक्सेप्शन्स’मध्ये एकेक करून लिहायच्या. दर महिन्याच्या अमुक तारखेला, अशी आवर्तनं सॉफ्टवेअरला कळतात, तिथी कळत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, वर्षातून एकदा.

माणसांची संख्या वर्षभर सारखी नसते, ते कॅलेंडरमध्ये बसत नाही. त्यासाठी रिसोर्सवर डबल क्लिक करून ‘रिसोर्स अव्हेलेबिलिटी’चा छोटा तक्ता भरा: कधीपासून, कधीपर्यंत, किती. पेठ-सुरगाण्याकडची माणसं होळीला गावी जातात, जुलैत भात लावणीला जातात. फिटर बिहारचे आहेत, दिवाळीला निघतात ते छठ करूनच येतात. त्या दिवसांत टोळी १२ ची ४ वर येते. हे सगळ्यांना पाठ असतं, तरीही दरवर्षी नोव्हेंबरात कोणीतरी एकाच आठवड्यात दोन स्लॅबचं स्टील धरतो. तक्त्यात ४ लिहिलं की निदान लाल तरी होतं.

तयार झालेलं कॅलेंडर ‘ऑर्गनायझर’मधून प्रत्येक साइटच्या फाइलीत कॉपी करा. चार फाइलींत हाताने चार वेळा बनवायला जाऊ नका, एकात तरी अमावस्या चुकतेच.

प्लेटा खरंच किती दिवस अडकतात

या भागावर मी सर्वात जास्त वेळ घालवला आणि पहिला पूल इथेच फसला होता. माझ्या जुन्या फाइलींत प्लेटा ‘सेंटरिंग’ या टास्कला लावलेल्या होत्या. टास्क ६ दिवसांचा. सहाव्या दिवशी संध्याकाळी सॉफ्टवेअरच्या मते प्लेटा मोकळ्या! प्रत्यक्षात त्या तेव्हा नुकत्याच वर चढून बसलेल्या असतात. त्यांच्यावर ३ दिवस स्टील बांधणं, १ दिवस स्लॅब टाकणं, मग नुसतं थांबणं, मग २ दिवस खोलणं आणि पुढच्या साइटला पोचवणं.

थांबायचं किती, हे आपण ठरवायचं नसतं. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६:२००० मध्ये, साध्या ओपीसी सिमेंटसाठी किमान दिवस दिलेले आहेत. स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) ४.५ मीटरपर्यंत असेल तर टेकू ७ दिवस, त्यावर असेल तर १४. बीमचे टेकू ६ मीटर गाळ्यापर्यंत १४ दिवस, त्याहून मोठ्याला २१. नुसत्या स्लॅबच्या तळाच्या प्लेटा ३ दिवसांनी काढता येतात, पण टेकू लगेच परत लावायचे या अटीवर, आणि ते नीट करणारी टोळी मी अजून पाहिलेली नाही. फ्लाय अॅश मिसळलेलं पीपीसी सिमेंट वापरलं तर हे दिवस वाढवावे लागतात. आमच्या आरसीसी कन्सल्टंटनी स्लॅबला १० आणि बीमला १८ लिहून दिलेत. तुमच्या कन्सल्टंटकडून लेखी घ्या आणि तो आकडा टाका. प्लॅनिंगच्या सोयीसाठी त्यातला एक दिवसही कापायचा नाही.

म्हणजे हिशेब असा: कामाचे १२ दिवस, बुधवार धरून चौदा, वर थांबायचे १०. एका स्लॅबमागे प्लेटा २४ दिवस अडकतात. मी सहा धरत होते.

आता हे सॉफ्टवेअरला सांगायचं कसं? मी आधी सरळ मार्ग घेतला: सेंटरिंग, स्टील, स्लॅब, थांबणं, खोलणं अशा पाचही टास्कना प्लेटा लावल्या. दिसायला ठीक. पण लेव्हलिंग केल्यावर, म्हणजे साधनं पुरतील अशा बेताने टास्क पुढे ढकलायला सॉफ्टवेअरला सांगितल्यावर, त्याने पाथर्डीच्या सेंटरिंग आणि स्टीलच्या मध्ये आठ दिवसांची फट पाडली आणि त्या फटीत प्लेटा ओझरला देऊन टाकल्या. म्हणजे सेंटरिंग झालेला मजला उघडायचा, प्लेटा ओझरला न्यायच्या, परत आणून लावायच्या. सॉफ्टवेअरचं चुकलं नाही, त्याला पाच सुटे टास्क दिसत होते.

उपाय म्हणजे एकच वेगळा टास्क. नाव ‘प्लेटा अडकल्या, स्लॅब ३’. टास्कचा प्रकार फिक्स्ड ड्युरेशन, २४ दिवस, आणि प्लेटा फक्त यालाच लावायच्या, बाकी कशालाही नाही. दुवा कुठल्या दिशेने जोडायचा यात माझा आठवडा गेला. मी ‘सेंटरिंग’पासून ‘प्लेटा अडकल्या’कडे बाण काढला होता, सेंटरिंग सुरू झालं की प्लेटा अडकल्या. ऐकायला बरोबर वाटतं. पण प्लेटा नाहीत म्हणून सॉफ्टवेअर ‘प्लेटा अडकल्या’ पुढे ढकलतं तेव्हा सेंटरिंग मागच्या तारखेलाच राहतं, बाण त्याच्याकडे जातच नाही. मग बिनप्लेटांचं सेंटरिंग! बाण उलटा काढायचा. ‘प्लेटा अडकल्या’ आधी, त्याच्यापासून ‘सेंटरिंग’ला स्टार्ट-टू-स्टार्ट, म्हणजे पहिलं सुरू झालं की दुसरं सुरू. आणि कॉलम भरून झाल्याचा दुवा ‘प्लेटा अडकल्या’ला द्यायचा. आता प्लेटा पुढे गेल्या की सेंटरिंग मागोमाग जातं, त्यामागे स्टील, त्यामागे स्लॅब.

कॅलेंडरचाही एक काटा आहे. काँक्रीट बुधवारची सुट्टी पाळत नाही, अमावस्याही नाही. म्हणून ‘रोज’ नावाचं तिसरं कॅलेंडर करा: सातही दिवस चालू, दिवसाला आठच तास, एकही सुट्टी नाही. प्लेटा, जॅक, बीम बॉटम यांना रिसोर्स म्हणून हेच द्या आणि ‘प्लेटा अडकल्या’ टास्कलाही ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये हेच. तयार असलेलं ‘२४ अवर्स’ घ्यायचा मोह होतो. ते घेतलं तर आठ तासांच्या हिशेबाने लिहिलेला टास्क एक तृतीयांश दिवसांत उरकतो, २४ दिवसांचे ८ होतात.

या पद्धतीत एक कमीपणा आहे, तो लपवत नाही. स्टीलला तीनऐवजी पाच दिवस लागले तर २४ चे २६ हाताने करावे लागतात, आपोआप होत नाहीत. मी शनिवारी तेवढंच बघते.

फाइली जोडणं

पूलची फाइल उघडी ठेवा. मग साइटची फाइल उघडा. रिसोर्स टॅब, रिसोर्स पूल, शेअर रिसोर्सेस. ‘यूज रिसोर्सेस’ निवडून यादीतून ‘पूल’ घ्या, खाली मतभेदात कोणाचं ऐकायचं असं विचारतो तिथे पूलचं. चारही साइटला हेच करा आणि सगळ्या फाइली सेव्ह करा.

त्याआधी साइटच्या फाइलींतली नावं पूलप्रमाणे करून घ्या. एका फाइलीत ‘प्लेटा’, दुसरीत ‘प्लेट’, तिसरीत ‘सेंटरिंग प्लेटा’ असेल तर जोडताना तिन्ही पूलमध्ये येऊन बसतात, तीन वेगळ्या वस्तू म्हणून, आणि कोणीच लाल होत नाही. ‘लाल नाही म्हणजे सगळं छान’ असं वाटण्याचे दोन दिवस मी काढलेत.

पुढे पूल उघडायला गेलात की तो तीन पर्याय देतो. पहिला नुसतं वाचायला, त्यात बाकीचे आपापल्या फाइलींत काम करू शकतात. दुसरा पूलमध्येच बदल करायला, प्लेटा वाढल्या, टोळी कमी झाली वगैरे. तोवर इतरांना पूलमध्ये काही लिहिता येत नाही, म्हणून काम झालं की लगेच बंद करा. तिसरा पूलसकट सगळ्या साइट एका नव्या एकत्रित फाइलीत उघडतो. माझा शनिवार या तिसऱ्यात जातो. साइटची एकटी फाइल उघडताना तो पूलही उघडू का विचारतो, त्याला हो म्हणा, नाहीतर पुन्हा एकटा कागद. सेव्ह करताना पूल अद्ययावत करू का विचारतो, त्यालाही हो.

आठवड्यातून एकदा पूर्ण फोल्डर उचलून दुसरीकडे कॉपी करून ठेवा, नावात तारीख घालून. जोडलेल्या फाइली कधीतरी रुसतात. त्या कॉपीतल्या फाइली उघडून काम करू नका, त्या फक्त अडचणीच्या वेळेसाठी.

लाल दिसल्यावर

एकत्रित फाइलीत ‘रिसोर्स यूसेज’ व्ह्यू लावा आणि ‘प्रोजेक्ट’ हा रकाना घाला. प्लेटांच्या ओळीखाली आता कोणत्या साइटचा कोणता स्लॅब, हे ओळीने दिसतं, उजवीकडे दिवसवार. मला जास्त आवडतो तो ‘रिसोर्स ग्राफ’. आठवर एक रेघ आणि तिच्या वर डोकावणारे खांब. शेठना, म्हणजे आमच्या ठेकेदारांना, मी तोच दाखवते. आकड्यांचे तक्ते ते पुढे सरकवतात, पण रेघेच्या वर गेलेला खांब त्यांना एका नजरेत कळतो.

आता ‘लेव्हल ऑल’ नावाचं बटण आहे, जे दाबलं की सॉफ्टवेअर स्वतःच टास्क पुढे ढकलून सगळं रेघेखाली आणतं. ते दाबण्याआधी तीन गोष्टी करा. ‘लेव्हलिंग ऑप्शन्स’मध्ये टास्क तोडायची परवानगी काढून घ्या, म्हणजे ‘क्रिएट स्प्लिट्स’ची खूण, आणि त्याच्या वरची, टास्कवरची वेगवेगळी असाइनमेंट सुटी सुटी हलवायची. अर्धा स्लॅब ओतून प्लेटा काढून नेता येत नाहीत. दुसरं, बेसलाइन, म्हणजे आताच्या तारखांची नोंद, मारून ठेवा, म्हणजे कशाचं काय झालं ते नंतर ताडता येईल.

तिसरी गोष्ट सॉफ्टवेअरच्या बाहेरची आहे. कोणाला थांबवायचं? हे न सांगता बटण दाबलं तर ते दुवे, मोकळीक, तारखा बघून आपलं ठरवतं. पहिल्यांदा त्याने गंगापूर रोडचा स्लॅब अकरा दिवस मागे टाकला. सॉफ्टवेअरला माहीत नव्हतं की त्या इमारतीत गिऱ्हाइकांचे हप्ते स्लॅबवर बांधलेले आहेत. स्लॅब पडला की बँका पैसे सोडतात, आणि त्याच पैशातून आमचं बिल निघतं.

प्रत्येक प्रोजेक्टला ‘प्रोजेक्ट इन्फर्मेशन’मध्ये प्राधान्याचा आकडा देता येतो, ० ते १०००, न दिला तर ५००. हजार दिला की त्याला हातच लावत नाही. मी कोरा कागद शेठपुढे ठेवला, चार साइटची नावं लिहून, आणि म्हटलं आकडे द्या. त्यांनी चारही ठिकाणी ९०० लिहिलं. “सगळंच अर्जंट आहे,” म्हणाले. मग मी प्रश्न बदलला. प्रत्येक साइटपुढे विचारलं: हा स्लॅब दहा दिवस लांबला तर किती रुपये अडकतात किंवा जातात? यावर ते पंधरा मिनिटं बोलले आणि क्रम आपोआप लागला. सिन्नरला उशिराबद्दल दर आठवड्याला दंड, त्याला ८००. गंगापूर रोडला हप्ते, ७००. ओझरची शाळा जूनच्या आत लागते, पण फेब्रुवारीत अजून वेळ होता, म्हणून ५००, एप्रिलनंतर ९०० करायचं असं तिथेच लिहून घेतलं. पाथर्डीचा मालक ओळखीतला, सबुरीचा, ४००. त्या कागदावर शेठची सही आहे. पाथर्डीचा सुपरवायझर भांडायला आला की मी तो काढून दाखवते.

लेव्हलिंगच्या क्रमात ‘प्रायॉरिटी, स्टँडर्ड’ निवडा, नाहीतर हे आकडे बाजूलाच पडतात. मग बटण, मग ‘लेव्हलिंग गँट’ व्ह्यू. त्यात प्रत्येक टास्कला आधीची आणि नंतरची अशा दोन पट्ट्या दिसतात. मी तिथे वरपासून खालपर्यंत फक्त ‘प्लेटा अडकल्या’ हेच टास्क वाचते, सोळा-सतरा ओळी. जे पटलं नाही त्यावर ‘क्लिअर लेव्हलिंग’ करून हाताने मागेपुढे. पाचातले दोन निर्णय तरी मी उलटवते. ओझरला पुढे ढकललेला स्लॅब बरोबर होळीत जातोय, हे माझ्या डोक्यात आधी येतं, तक्ता नंतर आठवतो.

काही लाल तसंच ठेवायचं असतं. एका दिवसासाठी ८ च्या जागी ८.३ होत असेल तर मामांना फोन करायचा, ते “होतंय” म्हणाले की सोडून द्यायचं.

साइटवर काय पोचवायचं

आमचा एकही सुपरवायझर एमएस प्रोजेक्ट उघडत नाही आणि मी त्यांना उघडायला लावणारही नाही. दर शनिवारी दुपारी ते मला व्हॉट्सअ‍ॅपवर तीन गोष्टी पाठवतात: स्लॅबचं काम कुठवर आलं, प्लेटा कधी खोलणार, पुढच्या पंधरा दिवसांत काय हवं. मी भरते, २४ चे आकडे तपासते, लेव्हल करते आणि संध्याकाळी ग्रुपवर एकच मेसेज टाकते. मागच्या शनिवारचा असा होता:

“प्लेटा: पाथर्डी स्लॅब ४ खालून १४ ला सुटणार. त्यातल्या २,५०० सरळ ओझरला, गोडाऊनला नको. आयशर १५ ला सकाळी ७. गंगापूर रोड स्लॅब ६ ला २२ च्या आधी प्लेटा नाहीत, तोवर वीटकाम घ्या. सिन्नरला १,२०० कमी पडतात, ९ दिवस, भाड्याने.”

‘गोडाऊनला नको’ हे शब्द महत्त्वाचे. आधी प्रत्येक प्लेट गोडाऊनला येऊन पुन्हा निघायची, दोनदा चढवणं, दोनदा उतरवणं. पुढची साइट आधीच माहीत असली की एक फेरी वाचते.

भाड्याचा आकडाही पूलमधूनच येतो, रेघेवरचा खांब किती उंच आणि किती दिवस रुंद, एवढंच वाचायचं. आधी आम्ही भाड्याने आणायचो ते घाबरून, तीन हजार फूट, महिनाभर. आता १,२०० फूट, ९ दिवस, आणि तीन आठवडे आधी सांगून. सिंहस्थाची कामं निघाल्यापासून भाड्याच्या प्लेटांना आयत्या वेळी कोणी विचारत नाही, म्हणून सिन्नरसाठीचा फोन मी मेसेज टाकायच्या आधीच करून ठेवला होता. मामांनी मेसेजला अंगठा दिला आणि खाली लिहिलं: “१५ ला अमावस्या आहे का बघा.” पाहिलं, नव्हती.